ह्युरॉनांच्या देशातील दहा महिने : गाब्रिएल सागारच्या १६३२च्या ग्रंथाविषयी

सतराव्या शतकातील मिशनरी वाङ्मयाचा विषय आपल्याकडे निघाला की तो राचोलच्या छापखान्यापाशी सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो. ते स्वाभाविकही आहे. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली तेथे छापले गेले, आणि त्याच्या ओव्यांमुळे गोमंतकातील त्या काळाच्या मिशनरी लेखनाकडे मराठी वाचक आपुलकीने पाहत आला. पण त्याच काळात, त्याच युरोपातून निघालेली माणसे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकालाही परक्या भाषांशी झटापट करीत होती. त्या झटापटीतून निघालेल्या एका दुर्मीळ ग्रंथाचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे. ग्रंथाचे नाव ‘ल ग्रां व्हॉयाज द्यु पेई दे ह्युरों’, म्हणजे ह्युरॉनांच्या देशाचा मोठा प्रवास. लेखक गाब्रिएल सागार. प्रकाशन पॅरिस, १६३२, देनी मोरो याच्याकडून. सोबत ह्युरॉन भाषेचा एक शब्दसंग्रह जोडलेला आहे, आणि माझ्या मते ग्रंथाची खरी कसोटी त्या शब्दसंग्रहातच लागते. मूळ आवृत्तीच्या प्रती फार थोड्या उरल्या आहेत. १८६५ मध्ये पॅरिसला तिचे पुनर्मुद्रण झाले. १९३९ मध्ये टोरांटोच्या शाम्प्लेन सोसायटीने लँग्टन यांचा इंग्रजी अनुवाद मूळ फ्रेंचसह काढला, आणि १९९८ मध्ये जॅक वॉरविक यांची चिकित्सक आवृत्ती आली. तेव्हा आज हा ग्रंथ वाचायचा म्हटले तर अडचण दुर्मिळतेची नाही, आस्थेची आहे.

सागार हा पाद्री नव्हता, हे आधी लक्षात घ्यावे. फ्रान्सिस्कन पंथाच्या ‘रेकोले’ नावाच्या कडक शाखेतील तो एक साधा बंधू होता. त्याला मिस्सा सांगण्याचा अधिकार नाही, पापनिवेदन ऐकण्याचा नाही, वरिष्ठांकडे वार्षिक अहवाल धाडण्याची जबाबदारीही नाही. स्वयंपाक, सरपण, भाजीचा वाफा ही त्याची कामे. १६२३ च्या मार्चमध्ये तो फादर निकोला व्हिएल याच्याबरोबर पॅरिसहून पायी दिएप बंदराकडे निघाला. जूनअखेर क्वेबेकला पोचला आणि ऑगस्टमध्ये, फादर जोझेफ ल कारों याच्यासह, आजच्या कॅनडातील जॉर्जियन उपसागराच्या काठी वसलेल्या ह्युरॉनांच्या प्रदेशात शिरला. तेथे तो जेमतेम दहा महिने राहिला. १६२४ मध्ये त्याला फ्रान्सला परत बोलावण्यात आले. व्हिएल मागे राहिला, आणि १६२५ मध्ये परतीच्या वाटेवर मॉन्ट्रियलजवळच्या नदीत बुडून मेला. दहा महिन्यांच्या मुक्कामावर ग्रंथ लिहिणारा माणूस आपल्याला आज उथळ वाटेल. फादर स्टीफन्स गोव्यात चाळीस वर्षे राहिला होता. ही तुलना मनात ठेवूनच सागार वाचावा लागतो, आणि ती त्याच्या नेहमीच विरुद्ध जाते असे नाही.

प्रवास १६२३ चा आणि पुस्तक १६३२ चे. मधली ही आठ वर्षे का गेली, याचे उत्तर राजकारणात आहे. १६२९ मध्ये इंग्रजांच्या बाजूने आलेल्या कर्क बंधूंनी क्वेबेक जिंकले आणि मिशनरी बाहेर पडले. १६३२ च्या तहाने ते फ्रान्सला परत मिळाले. आता पुन्हा कोणाला पाठवायचे? रेकोले तेथे १६१५ पासून होते, जेझुइटांना त्यांनीच १६२५ मध्ये मदतीला बोलावले होते. परंतु रिशल्यूच्या दरबारी पारडे फिरले आणि परतीची परवानगी जेझुइटांना मिळाली. रेकोले बाहेरच राहिले. बार्देश फ्रान्सिस्कनांकडे आणि साष्टी जेझुइटांकडे ही वाटणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या दोन संघांतली ओढाताण नवी वाटणार नाही. सागारचे पुस्तक हे त्या वादातील एका पक्षाचे निवेदन आहे: आम्ही तेथे आधी होतो, आम्ही ती भाषा शिकलो, आम्हांला परत जाऊ द्या. त्यासाठी व्यापारी कंपनीवर त्याने जी टीका केली आहे ती बव्हंशी रास्त आहे. कंपनीला कातडी हवी होती. वसाहत वाढावी, शेती व्हावी, धर्म पसरावा, यात तिला रस नव्हता.

योगायोग असा की त्याच १६३२ साली, त्याच पॅरिसमध्ये, क्रामोआझी या प्रकाशकाने जेझुइटांचे पहिले ‘रलासिओं’, म्हणजे वार्षिक वृत्तांत, छापून काढले. पुढे चाळीस वर्षे ती मालिका चालली आणि जगभर गाजली. अशा छापील मिशनरी पत्रांची प्रथा मुळात आपल्याकडूनच सुरू झाली होती. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्याला आला आणि हिंदुस्थानातून त्याने धाडलेले पत्र १५४५ मध्येच पॅरिसला छापले गेले. जेझुइटांच्या वृत्तांताला त्यामुळे एक घडीव साचा मिळाला होता: संकट, धैर्य, धर्मांतर, देणगीची विनंती. सागारला हा साचा लाभला नाही. म्हणूनच त्याचे पुस्तक विस्कळीत आहे, आणि म्हणूनच ते वाचनीय आहे.

जेझुइट वृत्तांतात माणसे पुष्कळदा आत्मा म्हणून येतात. सागारच्या पानांत ती भुकेली, चेष्टेखोर, धुराने डोळे चोळणारी माणसे म्हणून येतात. ओटावा नदीवरून वर जाताना तिघा धर्मबंधूंना वेगवेगळ्या होड्यांत बसवले गेले. सागारच्या होडीत त्याची भाषा जाणणारे कोणी नव्हते. डासांनी त्याचा चेहरा सुजवला. मक्याच्या भरडीची ‘सगामिते’ नावाची पेज त्याला पहिल्यांदा घशाखाली उतरेना. पुढे तीच गोड लागू लागली हे तो सांगतो, पण आपल्या सहनशीलतेचा डंका न वाजवता. गावी पोचल्यावर ज्या ह्युरॉनाने त्याला आणले होते, त्याच्याच लांबट घरात तो राहिला आणि त्या कुटुंबाने त्याला नातलग करून घेतले. नाते ठरल्याशिवाय त्या समाजात माणसाशी बोलायचे कसे हाच प्रश्न होता. कोणी भाऊ, कोणी आई, आणि त्या नात्यांबरोबर येणारी कर्तव्ये. आपल्याकडेही परक्या गावात बिऱ्हाड करणाऱ्याला शेजारीण आधी ‘काकू’ व्हावी लागते आणि मग वाटीभर साखर मागता येते. सागारला ह्युरॉन भाषेची शिकवणी अशी नात्यांच्या शब्दांतून मिळाली. नंतर ल कारों आणि व्हिएल भेटले, तेव्हा गावाबाहेर त्यांनी वेगळी झोपडी बांधली. पुस्तकातील सर्वांत जिवंत मजकूर बहुतेक त्या वेगळ्या झोपडीआधीचा किंवा झोपडीबाहेरचा आहे, हे सूचक आहे.

एका प्रसंगापाशी थांबतो. शरद ऋतूत मासेमारीसाठी तो ह्युरॉनांबरोबर सरोवरातील एका बेटावर गेला होता. त्यांच्यात माशांना उपदेश करणारा एक माणूस असे. रात्री सर्व जण उताणे, निःशब्द पडले की तो जलचरांना उद्देशून भाषण करी: या, जाळ्यात या, आम्ही तुमची हाडे जाळत नाही. माशाचा काटा विस्तवात टाकणे हा तेथे अपराध होता. एकदा सागारने विस्तवात असे काही टाकले तेव्हा त्यांनी ते घाईने बाहेर काढले आणि त्याला रागे भरले: जाळी पाहतील आणि माशांना सांगतील, मग मासा मिळणार नाही. जाळ्यांना काही दिसत नाही, सागार म्हणाला. दिसते, त्यांनी उत्तर दिले, ऐकूही येते, आणि ती खातातही. मग त्यांना तुमच्यातली थोडी पेज वाढा, हा सागारचा टोला.

आता या प्रसंगाचे करायचे काय? सागारला तो भाबडेपणा वाटला आणि त्याने तसे म्हटलेही. पण त्याने प्रतिपक्षाचे उत्तर कापले नाही. वादात आपण जिंकलो असे त्याला वाटते, तरी पानावर दोन्ही बाजू तशाच शिल्लक राहतात आणि वाचकाला दुसऱ्या बाजूने उभे राहता येते. औतकाठीची पूजा करणाऱ्या, पहिल्या घासाआधी ताटाभोवती चित्राहुती घालणाऱ्या घरातून आलेल्या वाचकाला तर जाळ्यांच्या कानांत फार विचित्र असे काही वाटणार नाही. धर्मप्रचारकाच्या हातून विरोधकाचे वाक्य इतके अखंड सुटणे ही मला या ग्रंथातील मोठी वाङ्मयीन घटना वाटते. ‘ख्रिस्तपुराणा’त श्रोता प्रश्न विचारतो, पण तो पाद्रीच्या उत्तरासाठी उभा केलेला श्रोता आहे. सागारच्या जाळ्यांना मात्र कोणी आधी शिकवून ठेवलेले नाही.

असेच दुसरे उदाहरण भिकाऱ्यांचे. ह्युरॉनांत पाहुणचार आणि परस्परांना देणे इतके पक्के होते की गावात कोणी भीक मागताना दिसत नसे. फ्रान्समध्ये गरीब याचक पुष्कळ आहेत असे कळल्यावर त्यांनी फ्रेंचांनाच दोष दिला: तुमच्यात दयाधर्म कमी आहे. सागार स्वतः भिक्षेवर जगणाऱ्या पंथाचा! त्याने हे वाक्य लिहून ठेवले, त्यावर विशेष सारवासारव केली नाही. दाढीवाल्या फ्रेंचांना ते कुरूप समजत आणि त्यांची बुद्धीही कमी धरीत, हेही तो हसत सांगतो. पशुपक्ष्यांच्या प्रकरणांत त्याचा हात आणखी मोकळा होतो. गुंजारव करणारा इवलासा पक्षी, उडत्या खारी, आणि दुर्गंधी सोडणारा तो काळा-पांढरा प्राणी, ज्याला त्याने सैतानाचे पोर म्हटले. ही प्रकरणे शास्त्र म्हणून कच्ची आहेत. गोष्ट म्हणून ती आजही टिकून आहेत.

दोषांकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही. शाम्प्लेन १६१५-१६ चा हिवाळा ह्युरॉनांत राहिला होता आणि त्याचा वृत्तांत १६१९ मध्ये छापला गेला होता. सागारने त्यातून आणि लेस्कार्बोच्या ग्रंथातून मनसोक्त उचल केली आहे, ऋणनिर्देशाची फारशी तसदी न घेता. नायकाचा वारसा मुलाला न जाता बहिणीच्या मुलाला का जातो, यासारख्या ठिकाणी पाहिलेले किती आणि वाचलेले किती हे वेगळे करणे अवघड होते. त्या काळी चाल तशी होती, एवढे म्हणून त्याला सोडता येईल. पण प्रत्यक्षदर्शी म्हणवणाऱ्याचे मोल त्याने घटते. युद्धकैद्यांच्या छळाची वर्णने तो सविस्तर करतो आणि तेथे त्याची नेहमीची समज हरवते. त्याच्याच देशात चौकाचौकांत काय चालत होते याची आठवण त्याला तेथे होत नाही. पाऊस थांबावा म्हणून ह्युरॉनांनी प्रार्थना करायला सांगितली, यांनी केली, पाऊस थांबला. सागार याला ईश्वरी कृपा मानतो. गावकऱ्यांच्या लेखी मात्र आणखी एक पावसाचा जाणता मिळाला असेल, ही शक्यता त्याच्या मनाला शिवत नाही. १६३६ मध्ये त्याने याच मजकुराचा विस्तार करून ‘इस्त्वार द्यु कानादा’ हा जाडजूड ग्रंथ काढला. त्यात पांथिक तक्रारी वाढल्या आणि हवा कोंडली. अभ्यासकांनी तो पाहावा, वाचकांनी १६३२ चाच वाचावा.

आता शब्दसंग्रह. याला कोश म्हणण्यापेक्षा बोलचालीची पोथी म्हणणे बरे. फ्रेंच शब्दांच्या वर्णक्रमाने मांडणी, आणि शब्दांपेक्षा वाक्ये अधिक: कोठे जातोस, मला दे, भूक लागली. जो दुभाष्यावाचून तेथे जाईल त्याच्यासाठी ही सोय. दुभाष्यांवर, म्हणजे एतिएन ब्र्युलेसारख्या ह्युरॉनांतच मिसळून गेलेल्या फ्रेंच तरुणांवर, मिशनऱ्यांचा विश्वास नव्हता. ल कारोंनेही शब्द जमवले होते. सागारच्या संग्रहात सहकाऱ्यांचे काम मिसळलेले असणार, आणि एकाहून अधिक बोलींची सरमिसळ त्यात आहे हे आधुनिक अभ्यासकांनी दाखवले आहे. गावागावांत, घराघरांत शब्द बदलतात असे सागार स्वतःच कुरकुरतो. शेवटी निष्कर्ष काढतो की ही भाषा जवळजवळ नियमांवाचून आहे.

येथे त्याचा कान कमी पडला. चारच वर्षांनी, १६३६ च्या वृत्तांतात, जेझुइट जाँ द ब्रेबॉफने याच भाषेविषयी लिहिले तेव्हा त्याला नियमच नियम दिसले. क्रियापदात कर्ता आणि कर्म दोन्ही सामावतात. ओठ मिटून उच्चारायचे वर्ण, आपण ज्याला पवर्ग म्हणतो तो, तिच्यात नाही. त्यामुळे पुढे मारीया ह्युरॉनांच्या तोंडी ‘वारी’सारखी झाली, जे ऐकून मराठी कानाला मौज वाटावी. ब्रेबॉफची खरी अडचण ‘पिता’ या शब्दाने केली. त्या भाषेत नुसता ‘बाप’ म्हणताच येत नाही. कोणाचा बाप, हे शब्दातच यावे लागते. मग पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने हे कसे म्हणायचे? ब्रेबॉफने वरिष्ठांकडे परवानगी मागितली: आमच्या पित्याच्या, त्याच्या पुत्राच्या आणि त्यांच्या पवित्र आत्म्याच्या नावाने, असे म्हटले तर चालेल काय? धर्मशास्त्राचा केवढा गुंता त्या तीन सर्वनामांत अडकला आहे!

आणि ‘आमच्या’ म्हणजे तरी कोणाच्या? ह्युरॉन ज्या इरोक्वॉयी भाषाकुलातील आहे त्यात, मराठीप्रमाणेच, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. फ्रेंचमध्ये हा भेद नाही. पॅरिसमध्ये वाढलेल्या माणसाला दोन्ही ठिकाणी एकच ‘नू’ ऐकू येणार आणि रूपे बदलली की भाषाच अनियमित वाटणार. ज्याला लहानपणी ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जातो’ यांतील फरक आईने समजावून न देताही कळला, तो मराठी माणूस ह्युरॉनांत गेला असता तर निदान या एका बाबतीत सागारच्या पुढे असता. हिंदी किंवा इंग्रजी शाळेत शिकलेल्या आपल्या नातवंडांच्या बोलण्यातून तोच ‘आपण’ हळूहळू गळत चालला आहे, हे इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना मी सांगावयास नको.

या शब्दसंग्रहाचे पुढचे नशीब विलक्षण आहे. व्होल्तेअरने १७६७ च्या ‘लँजेन्यू’ या कादंबरीत ब्रिटनीच्या किनाऱ्यावर एक ह्युरॉन उतरवला. तो खराच ह्युरॉन आहे की नाही हे ताडण्यासाठी तेथील प्रायर आपल्या ग्रंथालयातून सागारचे पुस्तक काढून शब्द पडताळून पाहतो. व्होल्तेअरने त्या साध्या बंधूला ‘रेव्हरंड फादर’ करून टाकले आणि विनोद साधला. परंतु त्या विनोदात एक काळे सत्य होते. सागारचा ग्रंथ छापला गेल्यानंतर दोनच वर्षांनी, १६३४ पासून, युरोपीय माणसांबरोबर आलेल्या साथी ह्युरॉनांत शिरल्या आणि सहा वर्षांत त्यांची लोकसंख्या सुमारे निम्म्यावर आली. १६४९ मध्ये इरोक्वॉय संघाच्या हल्ल्यांनी त्यांचा देश मोडला आणि ब्रेबॉफही त्यात मारला गेला. त्याच वर्षी, केवळ योगायोगाने, ‘ख्रिस्तपुराणा’ची दुसरी आवृत्ती निघाली. सागारने ज्या घरांत पेज खाल्ली ती घरे व्होल्तेअरच्या वेळेपर्यंत शंभराहून अधिक वर्षे ओस पडली होती. सागारने वर्णिलेला समाज हा साथींपूर्वीचा, धडधाकट समाज आहे. ब्रेबॉफच्या व्याकरणदृष्टीपुढे सागार थिटा पडतो हे खरे, पण जेझुइट वृत्तांतांच्या पानोपानी जो मृत्यू आहे तो सागारच्या पानांवर अद्याप आलेला नाही.

त्या लोकांचे स्वतःचे नाव वेन्दात. ‘ह्युरॉन’ हे फ्रेंचांनी दिलेले, आणि त्यात रानटीपणाची छटा आहे. त्यांचे वंशज आज क्वेबेकजवळच्या वेन्दाके येथे आणि अमेरिकेत ओक्लाहोमा येथे आहेत. भाषा मात्र बोलणाऱ्यांच्या तोंडून गेली. २००७ मध्ये वेन्दाकेच्या मंडळींनी लाव्हाल विद्यापीठाच्या साहाय्याने ‘यावेन्दा’ नावाचा उपक्रम हाती घेतला आणि मिशनऱ्यांनी लिहून ठेवलेल्या कोशांवरून व व्याकरणांवरून ती पुन्हा शिकवण्यास आरंभ केला. जॉन स्टेकली या अभ्यासकाने सागारचा संग्रह इंग्रजीत नव्याने संपादून दिला आहे. याआधी ब्रूस ट्रिगर यांनी १९७६ मध्ये ह्युरॉनांचा इतिहास त्यांच्या बाजूने मांडण्याचा मोठा प्रयत्न केला होता. १९८९ मध्ये जॉर्ज सिऊई या वेन्दात इतिहासकाराने पुढचे पाऊल टाकले आणि आपला इतिहास आपणच सांगण्याचा हक्क मागितला.

तेव्हा सागारचे ऋण मानायचे की त्याला जाब विचारायचा? आपल्याकडे मोल्सवर्थचा १८३१ चा कोश उघडून आजीच्या तोंडचा एखादा शब्द शोधणाऱ्याला हा प्रश्न अगदीच परका नाही. मात्र मोल्सवर्थपाशी पंडितांचा ताफा होता आणि कोश झाल्यावर भाषा उरली होती. वेन्दातांच्या वाट्याला एका दहा महिन्यांच्या पाहुण्याने घाईत टिपलेली वाक्ये आली. माझे मत विचाराल तर त्याची भक्ती, त्याचा पांथिक अभिनिवेश आणि त्याचा १६३६ चा ग्रंथ मी बाजूला ठेवीन. शब्दसंग्रह आणि जाळ्यांचा तो संवाद ठेवून घेईन. सागारने ते आपल्या लोकांसाठी लिहिले होते. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्या पणतवंडांना ते उपयोगी पडेल असे त्याच्या स्वप्नातही नसावे.

त्यांचे काम सोपे नाही. प्रत्येक नोंद उलटी वाचावी लागते: या फ्रेंच अक्षरांनी लिहिणाऱ्याने मुळात कोणता ध्वनी ऐकला असेल, कोणत्या गावच्या बोलीतला, आणि प्रश्न विचारणारा एक विचारीत असताना उत्तर देणारा दुसरेच काही सांगत होता काय? त्यात पॅरिसच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला त्या भाषेचा गंध नव्हता. ‘एन’चा खिळा उलटा बसला की ‘यू’ होतो, आणि शब्द फिरतो. मोडीतील जुनी पत्रे लावून पाहिलेल्यांना या कष्टांची कल्पना येईल.